सत्तावन्न किलोतला पहिला

जनादादांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही, वजन सांगितलं.

आम्ही पेणला नवीन राहायला आलो होतो. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी मिक्सरचं खोकं कवटाळून जिन्याशी उभी होते. तळमजल्याच्या दारातून एक काटकुळे, ताठ म्हातारे गृहस्थ बाहेर आले. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाले, "पासष्ट. वेल्टर." मग माझ्या नवऱ्याकडे वळले. "हा ब्याऐंशी. पन पोटाचाच जास्त." आणि आत निघून गेले. नवऱ्याने पुढे आठवडाभर भाताला हात लावला नाही.

हे जनार्दन म्हात्रे. सगळी बिल्डिंग त्यांना जनादादा म्हणते. खाडीकडच्या गावातले. वडील मिठागरावर कामाला होते, दादा एका कंपनीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली, मुलगी पनवेलला असते. तरुणपणी त्यांनी बॉक्सिंग केलं होतं, आणि ते अंगातून उतरलं तरी डोक्यातून उतरलं नव्हतं.

बॉक्सिंगमध्ये वजनाप्रमाणे गट असतात आणि वेल्टर हा त्यातलाच एक, हे मला दादांकडून कळलं. दादांचा गट सत्तावन्न किलोचा, फेदरवेट. बाकीचे गट त्यांच्या लेखी नव्हतेच. "सत्तावन्नच्या खाली मानूस नुसता पलतो," ते सांगायचे. "वर गेला की नुसता उभा ऱ्हातो. सत्तावन्नला तो विचार करतो."

या सत्तावन्न किलोत जगात सगळ्यांत मोठा कोण, यावर त्यांचा दिवस जायचा. मुलीने घेऊन दिलेल्या मोबाइलवर ते जुन्या लढती बघायचे. परदेशी नावं जिभेवर बसत नसल्यामुळे त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक लांबहात्या, एक मुंडीहलव्या, एक नुसताच मेक्सिकोचा. त्यांचा क्रम दहापासून वर ठरलेला होता आणि तो कुणालाही ऐकावा लागे. सिलिंडरवाला बिचारा रिकामी टाकी खांद्यावर घेऊन चौथ्या नंबरापर्यंत थांबायचा. भाजीवाली एकदा चुकून "मुंडीहलव्या बरा वाटतो" म्हणाली, तर दादा तिच्या गाडीशी अर्धा तास उभे राहिले. "पॉइंट दाखव," हे त्यांचं पालुपद. "बरा वाटतो म्हंजे काय? पॉइंट दाखव."

पण खरी पंचाईत पहिल्या नंबराची होती. लांबहात्या दुसरा. पहिला कोण, असं विचारलं की दादा दोन्ही हात मांड्यांवर ठेवून सरळ बसत आणि म्हणत, "टिपणीस. रोहा."

लोक हसायचे. मी हसले नाही, कारण मी चमकले होते.

"कोण टिपणीस? ड्रॉइंगचे टिपणीस सर?"

दादांनी माझ्याकडे नव्यानेच बघितलं. "तू वलखतस त्याला?"

"मला तीन वर्षं होते ते शाळेत. माझं माहेर रोह्यातच, वरश्याला, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून."

"त्याचा डावा हात बघितलास कधी?"

"बघितलाय. त्यात पट्टी असायची."

त्या दिवसापासून मी 'वेल्टर'ची 'बाय' झाले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा रोह्याला जातात, हे बिल्डिंगला माहीत होतं. चाळीसेक वर्षं त्यांनी हा नेम मोडला नव्हता. मीही अधूनमधून आईकडे निघायचे, मग आम्ही एका गाडीने जायचो. दादांच्या पिशवीत जिताडा मासा मिळाला तर जिताडा, नाही तर सुका जवळा असायचा. सरांना दुपारपर्यंत सोबत करायची आणि परत यायचं. टिपणीस सरांनी लग्न केलं नव्हतं. एक बहीण होती, तीही गेली. त्यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे. शाळेत आम्हा मुलांना ते पक्कं ठाऊक होतं आणि सरांच्या डाव्या हाताचा बाक पकडायला मारामारी व्हायची.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट दादांसमोर बोलायची सोय नव्हती. जिल्ह्याच्या फायनलला टिपणीस सरांना हरवणारा माणूस म्हणजे स्वतः जनार्दन म्हात्रे. पेणच्या एका जुन्या पहिलवानाने एकदा हसत हसत म्हटलं, "दादा, मग पहिला नंबर तुमचाच की." दादांनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि त्याला दार दाखवलं. अर्धा चहा कपात तसाच होता.

गेल्या वर्षी रोह्याच्या एका व्यायाममंडळाने जिल्ह्यातल्या जुन्या बॉक्सरांचा सत्कार ठरवला. प्रत्येक वजनात एक, सर्वश्रेष्ठ. सत्तावन्न किलोसाठी दादांच्या नावाचं पत्र आलं. दादा ते घेऊन वर आमच्याकडे आले.

"वाच. मोठ्यान् वाच."

मी वाचलं. "अभिनंदन, दादा."

"त्यांची मीटिंग हाय रविवारी. मी जानार. हे नाव खोडून घेनार."

त्या रविवारी मीही निघाले, थोडी माहेरच्या ओढीने आणि बरीचशी काळजीने. एरवी नागोठण्यापर्यंत दादांचे सहा नंबर होत. त्या दिवशी एकही नंबर निघाला नाही. निडी स्टेशन गेलं तेव्हा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "बाय, आज मी काय पन बोललो तरी मधी पडू नको."

मंडळाच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. पहिल्या रांगेत टिपणीस सर बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात. चिटणीस घोसाळकर नावाचे हसतमुख गृहस्थ होते. त्यांना वाटलं, दादा विनयाने नको म्हणतायत.

"म्हात्रेसाहेब, निकाल आहे ना आमच्याकडे. तुम्ही नॉकआउटने जिंकलात."

"पॉइंट दाखवा. तिसऱ्या राउंडपर्यंत पॉइंट कोनाचे होते?"

"ते आता कोण सांगणार?"

"मी सांगतो." आणि दादांनी चपला काढल्या. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस हॉलच्या मधोमध पवित्रा घेऊन उभा राहिला आणि सरांचा डावा हात कसा यायचा, ते करून दाखवू लागला. माणसं हसली, कुणी शिट्टी मारली. दादा थांबले नाहीत. पहिला राउंड, दुसरा राउंड. घोसाळकर म्हणाले, "पण शेवटी पडले कोण? टिपणीस सरच ना? मग वाद कसला?"

दादांचे हात खाली आले.

"बेल झाल्यावर मारला मी," ते म्हणाले.

कुणाला कळलंच नाही. शिट्टीवाल्याने पुन्हा शिट्टी मारली.

"तिसऱ्या राउंडची शेवटची बेल झाली. माझी मान्सं वरडत होती, पंचाला ऐकू गेली नाय. मी ऐकली. मी पाऊल मागं घेतलं, म्हनून त्यानं हात खाली घेतले. तवा मारला. कानाखाली. त्याचा तो कान गेला तो गेलाच. पॉइंटवर तो पुढं होता. तुमी हे नाव खोडा."

मी सरांकडे बघितलं. ते दादांच्या तोंडाकडे एकटक पाहत होते, वर्गात आमच्या ओठांकडे बघायचे तसे. मग उठले, दादांच्या चपला पायाने त्यांच्यापुढे सरकवल्या आणि म्हणाले, "जना, घरी चल."

मला मधे पडू नको सांगितलं होतं, मागे येऊ नको असं सांगितलं नव्हतं. मी गेले. सरांनी चहा टाकला. दादा ओट्याशी उभेच होते.

"माझा कान आठव्या वर्षी गेला," सर चहाकडे बघत म्हणाले. "गालगुंड झालं होतं. लढतीआधीच्या मेडिकलला मी डॉक्टरांचे ओठ बघून उत्तरं दिली. तुझा ठोसा बसला तेव्हा आत ऐकायला काही उरलंच नव्हतं."

"खोटा बोलतस."

"बहीण असती तर तिने सांगितलं असतं."

दादांचा चेहरा मला बघवेना. "चालीस वर्सं मी येतोय. एकदा पन बोलला नायस?"

सरांनी गॅस बंद केला. "बोललो असतो तर तू आला असतास?"

दादांनी चहा घेतला नाही. स्टेशनपर्यंत ते माझ्या पुढे दहा पावलं चालत राहिले आणि गाडीत दुसऱ्या डब्यात बसले.

पुढच्या महिन्यात पहिला रविवार आला. दादा गेले नाहीत. सिलिंडरवाला टाकी ठेवून क्षणभर थांबला, पण दादांनी नुसतं दार लावून घेतलं. मुंडीहलव्या, लांबहात्या, सगळे गप्प झाले. मी एकदा हळूच विषय काढला.

"सरांना फोन तरी करा."

"काय बोलू? मी शिक्षा म्हनून जायचो गो बाय. शिक्षाच खोटी निघाली. आता कोनत्या तोंडानं जाऊ?"

"सर वाट बघत असतील."

"बघू दे," ते म्हणाले, आणि आत जाऊन बराच वेळ उगाच भांडी घासत बसले. मला वर ऐकू येत होतं.

दुसराही महिना तसाच गेला. सत्काराची पत्रिका आली, तिच्यात सत्तावन्न किलोचा गटच नव्हता. दादांनी ती उघडली नाही, मीच उघडली.

तिसऱ्या महिन्यात रविवारी सकाळी बिल्डिंगपुढे रिक्षा थांबली आणि टिपणीस सर उतरले. चाळीस वर्षांत दादाच त्यांच्याकडे जात होते, सरांनी दादांचं घर कधी पाहिलं नव्हतं. मी धावत खाली गेले. सर घामाघूम झाले होते, आणि मला शाळेत कधी दिसले नव्हते इतके रागावलेले होते.

दादांनी दार उघडलं.

"कानाचं मिटलं," सर आत न जाता म्हणाले. "बेलचं काय?"

"बेलचं काय म्हंजे?"

"मला कुठे माहीत होतं बेल झाली ते? माझी समजूत, तू पाऊल मागे घेऊन मला फसवलंस आणि मी बावळट, हात खाली सोडले. बॉक्सिंग सोडलं मी त्यापायी. चाळीस वर्षं मी हरलो म्हणून जगलो, जना. आणि तू ते पंचवीस माणसांत सांगतोस, मला एकट्याला आधी सांगत नाहीस?"

दादा उंबऱ्यातच उभे होते. मला वाटलं, आता ते दार लावणार.

"माझी हिंमत नाय झाली," ते म्हणाले.

"दर महिन्याला मासे आणायची झाली."

दादा दारातून बाजूला झाले. सर आत गेले.

त्यानंतर जे सुरू झालं ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. सरांना ऐकू जावं म्हणून दादा ओरडत आणि दादा ओरडतात म्हणून सरही ओरडत. पहिल्या राउंडमध्ये पहिला फटका कुणाचा, पंच कुठे उभा होता, दोर ढिले होते की नव्हते. मी दोनदा चहा नेला. दुसऱ्या वेळी दादा स्टुलावर उभं राहून पंचाची उंची दाखवत होते आणि सर "खोटं, साफ खोटं" म्हणत भाकरी मोडत होते. जेवण कधी झालं ते दोघांनाही कळलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी दादा सरांना गाडीत बसवून देतो म्हणून निघाले. फाटकाबाहेर जातानाही हातवारे चालूच होते. सात वाजले तरी ते परतले नाहीत. मी खाली जाऊन पाहिलं, तर दार नुसतं ओढलेलं होतं. मी दिवा मालवला, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. अंगात सरांचा पांढरा सदरा होता, खांद्यात जरा सैल.

"वाद संपला नव्हता," किल्ली घेत ते म्हणाले. "गाडी सुटाया लागली, मग चढलो."

"मग? ठरलं का काही?"

"कुठलं गो बाय," दादा कुलपाशी झटत म्हणाले. "अजून दुसऱ्याच राउंडात हाय."