लाल शाईने वर्ग राखिला, त्याची हकीकत

वाचणारांचे सेवेसी ग्रंथालयाचा कारकून विनंती करितो ऐसी जे, विधी महाविद्यालयातील कायदेशीर लेखनाच्या वर्गावर बाका प्रसंग गुदरला, तो कैसा टळला हे डोळां देखिले आणि मागाहून कानी आले तैसे लिहितो. मजकूर लांबल्यास क्षमा असावी. बाईंच्या हाती पडल्यास त्या निम्मा खोडतील, हे भय आहेच.

प्राध्यापिका बाई बत्तीस वर्षे हा मुलूख एकट्या राखून होत्या. हुकूम एकच, की मागायचे ते पहिल्या ओळीत मागावे आणि का मागता ते एका वाक्यात सांगावे. 'ज्याअर्थी', 'उपरोक्त', 'सदरहू' ऐसे जुने मातबर सरदार त्यांनी लाल शाईने कापून काढिले, आणि कैक होतकरू वकील दहापैकी तीन गुण घेऊन रडकुंडीस आले.

मग प्राचार्यांचे मनी आले, की लिहिणे तो कोणासही येते, सबब वर्ग बंद करावा. प्राचार्य बाईंचेच शागीर्द, आणि खोड जुनीच, की नवे लिहिणे म्हणजे जुन्या नमुन्यात नाव बदलणे. त्यांनी चार पानी फर्मान धाडिले. बाई उभ्या उभ्या वाचू लागल्या, तो तिसऱ्या पानी 'गाळा सात दिवसांत रिकामा करून किल्ल्या मालकाचे ताब्यात द्याव्या' ऐसे कलम निघाले, कारण नमुना भाडेकरूच्या नोटिशीचा होता. बत्तीस वर्षे जाणार हे बाईंस उमगले, परंतु हात लेखणीकडेच गेला. गुण दोन दिले, आणि शेरा मारिला, की कारण लिहिलेले नाही, एका वाक्यात लिहून आणावे.

खलिता उलटा गेला आणि प्राचार्य लालबुंद जाहले, पण शागिर्दी हाडांत मुरलेली, मग दार लावून बसले. विद्यार्थ्यांस लेखन येतेच, ऐसे कारण लिहिले, आणि मेजावरले त्यांचे अर्ज पाहून खोडिले. जाणत्यांस शिकवावे लागत नाही, ऐसे लिहिले, आणि गाळ्याचे कलम आठवून तेही खोडिले. तिसरे प्रहरी स्वतः बाईंच्या वर्गात येऊन उभे राहिले.

"बाई, कारण सुचत नाही हो."

"मग नसेल. बसा, आणि जे आहे ते लिहा."

प्राचार्यांनी तेथेच बाकावर बसोन हुकूम लिहिला, की वर्ग चालू राहील. येणेप्रमाणे तीन शब्दांत मोहीम फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल केली असे. बाईंनी हुकूम दोनदा वाचिला, चष्मा पुसला, आणि दहापैकी नऊ गुण दिले. तारीख घालायची राहिली होती.