व्याह्यांचा पुढचा दात

"बाबा, आज कुणाच्या तोंडात डोकावायचं नाही. डोळ्यांत बघून बोलायचं," मुलीनं सकाळपासून चौथ्यांदा बजावलं.

"बरं बाई, नाही डोकावणार."

आता यात बाबांचा तरी काय दोष? ते दात घडवायचे. डॉक्टरांनी पेशंटच्या जबड्यात स्क्रू रोवायचा आणि त्यावर बसणारा दात बाबांनी आपल्या लॅबमध्ये करायचा. साचा आणि रंगाचा नंबर डबीतून यायचा, तयार दात डबीतून जायचा. तीस वर्षांत शेकडो तोंडं भरली, पण त्यातल्या एकाचंही दर्शन नाही! त्यामुळे भाजीवाला असो की बँकेतली मॅडम, समोरचा हसला रे हसला की बाबांची नजर आत शिरलीच.

पण आजची गोष्ट वेगळी होती. मुलीनं स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. त्यांनी मान डोलावली की लग्न ठरलं, नाहीतर पोरीचं सगळंच मुसळ केरात.

मुलगा आईवडिलांना घेऊन आला. होणारे व्याही मोठे दिलखुलास. "तुमचे जिने चढता चढता आमच्या मुलाचं लग्नाचं वय उलटेल हो!" म्हणाले आणि स्वतःच खदाखदा हसले. आणि बाबांची नजर आत शिरलीच.

वरचा, उजवीकडचा, अगदी पुढचा! आपल्या हातचं काम माणूस झोपेतसुद्धा ओळखतो. पण मेला बाकीच्या दातांपेक्षा चांगला दोन छटा पिवळा दिसत होता. म्हणजे रंग चुकला! तीस वर्षांतली पहिली चूक, आणि तीही नेमकी व्याह्यांच्या तोंडात!

तिथून पुढे बाबांचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही. ट्यूबलाइटमध्ये दाताचा रंग कळत नाही, म्हणून त्यांनी दिवा बंद केला आणि पडदे सरकवले. "तुम्ही इकडे खिडकीशी बसा ना, वारा येतो," म्हणत व्याह्यांना उठवलं. आता त्यांनी हसायला हवं. जन्मात कधी विनोद न केलेल्या बाबांनी लागोपाठ तीन विनोद सांगितले. तिन्हींना फक्त मुलीची आई हसली, तीही घाबरून.

व्याह्यांना ती नजर कळली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. काहीही विचारा, उत्तर एकच, "हं."

विहीणबाईंना वेगळीच शंका आली. "यांना आपलं काहीतरी खटकलंय," त्या मुलाच्या कानात कुजबुजल्या. "चला, निघूया आपण."

मुलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते पाहून बाबांना राहवेना. "एक मिनिट, उठू नका!" म्हणत ते आत धावले आणि रंग जुळवायची पट्टी घेऊन आले. तिच्यावर सोळा नमुन्याचे दात ओळीनं लावलेले.

"अगं बाई, हे काय!" विहीणबाई दचकल्या.

"व्याहीबुवा, आ करा. तो दात मी केलाय. रंग चुकला माझा. फुकट बदलून देतो, पण माझा राग पोरीवर काढू नका!"

व्याह्यांचे कान लाल झाले. "अहो, तुमचं काही चुकलं नाही. बसवला तेव्हा अगदी हुबेहूब होता. पण इथं यायचं म्हणून हिनं मागच्या आठवड्यात माझे दात पांढरे करून आणले. बाकीचे उजळले, हा पठ्ठ्या ढिम्म!"

"ढिम्मच राहणार! भट्टीतून निघालेला माल आहे तो." बाबांची छाती फुगली. "तुमच्या तोंडात मूळ रंगाचा आता तेवढा एकच दात उरलाय."

व्याही असे हसले की खुर्ची करकरली. मुलगीही डोळे पुसत हसली.

"कितीदा सांगितलं, दात जपा," विहीणबाईही खुलल्या. "माझे बघा! साठी आली, पण सगळे जन्माचे. एकालाही डॉक्टरचा हात नाही." आणि त्या तोंडभर हसल्या.

बाबा बघतच राहिले. डावीकडचा, सुळ्याच्या शेजारचा! त्या दातासाठी त्यांनी तीनदा भट्टी लावली होती. डबीतल्या चिठ्ठीत डॉक्टरांनी बजावलं होतं, 'नवऱ्यालासुद्धा कळता कामा नये.' आयुष्यातलं सगळ्यांत देखणं काम, आणि ते असं समोर बसलेलं! बाबांना आनंदानं ओरडावंसं वाटलं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. विहीणबाईंची नजर त्यांच्या हातातल्या पट्टीवर गेली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

बाबांनी मुलीकडे पाहिलं आणि पट्टी खिशात घातली.

"विहीणबाई," ते म्हणाले, "असे दात देवानंच करावेत."

विहीणबाईंनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. "अहो, लग्नाची तारीख ठरवून टाका," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माणसं फार चांगली आहेत."