अर्ज केला आहे

गाडीच्या नंबर प्लेटबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा! वर्धा जिल्ह्यात या विषयावर माझ्याइतका अभ्यास कोणाचा नाही, निदान एकोणऐंशी साली तरी नव्हता. काळ्या पाटीवर पांढरे आकडे म्हणजे घरची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची. लाल पाटी असली तर गाडी अजून दुकानदाराचीच आहे, गिऱ्हाइकाची वाट पाहते आहे असं समजा. हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकत होतो, कारण स्कूटरसाठी नाव नोंदवून मी आठ वर्षं थांबलो होतो. आठ वर्षांत माणूस दुसरं करणार काय?

शेवटी स्कूटर आली. निळी! सोमवारी आरटीओत जाऊन नंबरासाठी अर्ज, विक्रीची पावती, विम्याचा कागद, सगळं देऊन आलो. बाबू म्हणाला, "पंधरा दिवसांनी येजा."

आता पंधरा दिवस पाटी कोरी कशी ठेवायची? अशा वेळी लोक पाटीवर इंग्रजीत 'ए/एफ' लिहितात. म्हणजे नंबरासाठी अर्ज केला आहे, नंबर अजून यायचा आहे. पण मी पडलो जिल्हा परिषदेच्या शाळेतला मराठीचा मास्तर! सरकार घसा कोरडा करून सांगतंय की कारभार मराठीत करा, आणि मी इंग्रजी पाटी लावून हिंडू? छे! मी गावातल्या तानबा पेंटरला बोलावलं.

"तानबा, पाटीवर लिही, अर्ज केला आहे."

"कोनं जी?"

"म्या!"

"बरं. कशाचा?"

"तुले काय करायचं? तेवढंच लिही. ठळक!"

त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि तानबा महिनाभर हिंगणीपासून सेलूपर्यंत प्रचाराच्या भिंती रंगवत फिरत होता. संध्याकाळी पाट्या पाहिल्या. पुढं 'अर्ज केला आहे', मागं 'अर्ज केला आहे', आणि दोन्हींच्या खाली जोडलेले दोन हात!

"हे हात काऊन काढले रे?"

"खाली जागा उरली होती, मास्तर. अन् हाताले आता वळनच पडलं. पुसू का?"

हात सुबक होते. अंगठ्याची नखंसुद्धा काढली होती. शिवाय मला दम कुठला निघतो! किक मारली आणि सेलूच्या बाजाराला निघालो.

किराणा दुकानाच्या ओट्यावरून बाबारावांनी हाक मारली.

"मास्तर! अर्ज केला म्हंता?"

"केला ना जी! सोमवारीच!"

"वा! पाठिंबा कोनाचा?"

"पाठिंबा कशाले पाहिजे? आपले कागद चोख हायेत."

"अन् निशाणी?"

मला वाटलं, गाडी चोरीला गेली तर ओळखायची खूण विचारतायत. मी सीटवर थाप मारली. "हे काय, स्कूटर! निळी!"

"मानलं तुमाले!" बाबाराव असे ओरडले की चार गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. रस्त्यावर बैलगाड्या मला बाजूला होऊन वाट देऊ लागल्या. लोक पाटीवरचे हात पाहून हात जोडू लागले. मी म्हटलं, स्कूटरचा रुबाबच असा! घरी आलो तर बायको, कोकिळा, चुलीपुढं घामाघूम.

"ऐकलं काजी? सकाळपासून वीस कप चहा झाला. हे लोक काऊन येऊन राह्यले?"

"गाडी पाह्यले!"

"गाडी बाहेर उभी हाय. अन् हे घरात बसून हापशी मागून राह्यले!"

एवढ्यात जीपमधून पुंडलिकराव उतरले. आमच्या गटाचे जिल्हा परिषदेचे मेंबर. खुर्चीत बसले आणि चहाला हात न लावता म्हणाले, "मास्तर, अर्ज मागं घ्या."

मी ताडकन उठलो. "मागं घेऊ? आठ वर्सं वाट पाह्यली मी!"

"आठ वर्सं?" त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी मेंबर व्हायच्या आधीपासून तुमच्या मनात होतं?"

"तुमच्या मेंबरकीचा इथं काय संबंध?"

"वा! माहाच संबंध नाई?"

"हे पाहा, ज्यानं आधी नाव नोंदवलं त्याचा नंबर आधी लागते. तुमी काही करा, माहा नंबर आता येतेच. अन् एकदा आला की जन्मभर कोनी काढू शकत नाई!"

पुंडलिकराव खुर्चीतून उठले. टोपी सारखी केली आणि निघून गेले. मी कोकिळेला म्हटलं, "पाह्यलं? जळते मानूस!"

तिसऱ्या दिवशी भर वर्गात हेडमास्तर महादेवराव आले. हातात जिल्हा परिषदेचा कागद. 'श्री. प्रभाकर वांदिले, सहायक शिक्षक यांनी जिल्हा परिषदेच्या नोकरीत असताना निवडणुकीस उमेदवारी अर्ज भरल्याची तक्रार आली आहे. तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा निलंबित करण्यात येईल.'

"कोनती उमेदवारी?" मी ओरडलो.

"पाटीवर लिहून, हात जोडून गावभर फिरता, अन् मले विचारता?"

मग एकेक आठवायला लागलं. निशाणी. पाठिंबा. हापशी. पुंडलिकरावांचा चेहरा! खरं सांगतो, मी घाबरलो. अकरा वर्षांची नोकरी, पदरात दोन पोरं, आणि सगळं घालवलं कशापायी, तर मराठीच्या अभिमानापायी! त्या दिवशी जेवण जाईना. अंगणात इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी कोकिळा म्हणाली, "फेऱ्या मारून नोकरी वाचते का? उद्या वर्ध्याले जा अन् सांगा काय ते!"

सकाळी पाटी काढून पिशवीत घातली आणि एसटीनं वर्ध्याला गेलो. त्या पाटीसकट स्कूटरवर बसायची हिंमत कोणाला होती! जिल्हा परिषदेच्या हापिसात तिथल्या बाबूच्या टेबलावर पाटी ठेवली.

"साहेब, हा अर्ज म्हणजे तो अर्ज नाई! हा गाडीच्या नंबराचा अर्ज हाय!"

त्यानं पाटी उलटसुलट करून पाहिली. हातांपाशी थोडा थांबला.

"लेखी द्या."

"काय लेखी देऊ?"

"अर्ज केला नाई, असा अर्ज."

मी तिथंच बाकावर बसलो आणि आयुष्यातली सगळी मराठी पणाला लावली. 'मी कोणताही अर्ज केलेला नाही. माझा कोणताही अर्ज कोठेही आढळल्यास तो रद्द समजावा. यापुढेही मी असा अर्ज करणार नाही.' बाबूनं दोनदा वाचलं.

"वा, मास्तर! इतकं साफ कोनी लिहीत नाई. प्रती कोनाले?"

भ्यालेला माणूस हात आखडता घेत नाही. मी म्हटलं, निवडणूक अधिकाऱ्याले द्या, हेडमास्तरले द्या, पुंडलिकरावाले द्या. आणि सगळा घोळ गाडीच्या पाटीवरून झाला, तर आरटीओलेही एक द्या! कोणाच्या मनात शंका नको! पाचही कागद मी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिले.

चार दिवसांत नोटीस मागे घेतली गेली. नोकरी वाचली! पुंडलिकरावांनी घरी पेढे पाठवले. पंधरा दिवस पुरे होताच मी आरटीओत हजर. तिथल्या बाबूनं फाइल काढली.

"मास्तर, तुमचा अर्ज रद्द झाला."

"कोनं केला?"

"तुमीच!" त्यानं माझाच कागद माझ्यापुढं धरला. "सही तुमची, अक्षर तुमचं. शुद्धलेखनाची एक चूक नाई."

"मंग आता नवा अर्ज करतो!"

त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी वाचली, 'यापुढेही मी असा अर्ज करणार नाही.' त्याला माझी कीव आली असावी.

"घरात दुसरं कोनी हाय का, ज्यानं असं काही लिहून नाई देलं?"

होतं ना!

दुकानदाराकडून पावती बदलून आणली, कोकिळेची सही घेतली, आणि आठव्या दिवशी नंबर आला. काळ्या पाटीवर पांढरा, सुरेख! पण गाडी कागदोपत्री तिची. आता शाळेत जायला स्कूटर हवी असली की मला रोज सकाळी तिची परवानगी काढावी लागते. तोंडीच काढतो बरं का! लेखी मी आता कोणालाच काही देत नाही.