दैनंदिनीतले सात तास

खालापूर तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयातील कनिष्ठ लिपिक श्रीमती हर्षला ठोंबरे यांना 'वेळेचे सुयोग्य नियोजन' या एकदिवसीय प्रशिक्षणासाठी नागपूरला पाठवण्यात आले. त्या वेळेवर पोहोचल्या. केंद्राला कुलूप होते. व्याख्याते तारीख विसरले, असे पहारेकऱ्याने सांगितले.

परतीची गाडी संध्याकाळची. मधले सात तास कुणीच मागत नव्हते. लग्नाला चौदा वर्षे झाली, पण असे कधी घडले नव्हते. सवयीने हर्षला पंधरा मिनिटे फाटकापाशी उभी राहिली. मग तिने टपरीवर तर्री-पोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी आले, तरी दुसरी प्लेट घेतली. फुटाळा तलावाकाठी बसून तिने संत्री सोलली. एकही फोड कुणाला द्यावी लागली नाही. दुपारी एका बागेत बाकावर पर्स उशाला घेऊन ती चक्क झोपली.

परत आल्यावर तिने दौऱ्याच्या दैनंदिनीत लिहिले : 'सकाळी ११ ते सायंकाळी ६. काम नव्हते. शहर पाहिले. संत्री खाल्ली. बाकावर झोपले. बरे वाटले.'

हेडक्लार्क आबाजींनी चष्मा काढून पुसला नि पुन्हा वाचले.

"अगं बाय, हे काय लिवलंस?"

"झालं तेच लिहिलंय, भाऊ."

"एकतीस वर्षं नोकरी केली, झालेलं कुनी लिवलेलं मी बघितलं नाय. खोड ते. 'सखोल चर्चा केली' लिव."

"कुणाशी?"

"आता ते कोन इचारतंय गं?"

हर्षलाने पेन उचलले, पण टोपण लावून परत ठेवले. "भाऊ, ते खोडलं तर माझा दिवसच खोडला जाईल," ती म्हणाली.

"आनि नाय खोडलंस तर बढती खोडली जाईल."

तिने खोडले नाही. दैनंदिनी साहेबांकडे गेली. झोपेचे साहेबांना विशेष वाटले नाही. झोप सेवेत सर्वत्र आढळते. 'बरे वाटले' या नोंदीला मात्र नमुन्यात रकानाच नव्हता. तिघांची चौकशी समिती नेमली गेली.

स्थळपाहणीशिवाय सत्य कळत नाही, म्हणून समिती चार दिवस नागपूरला गेली. सदस्यांनी पोह्यांची तपासणी केली. तिखटाबाबत मतभेद झाल्याने फेरतपासणी केली. त्या बाकावर झोप लागू शकते का, हे तिघांनी आळीपाळीने पडताळले. बासष्ट पानी अहवालासोबत छायाचित्रे होती. तलावाच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून त्यांत सदस्यांची कुटुंबे उभी केली होती. निष्कर्ष : शहर पाहण्यासारखे आहे, सबब कर्मचारी दोषी.

बढती गेलीच. शिवाय आदेश निघाला, की वाया घालवलेले सात तास हर्षलाने सात दिवस रोज अकरा ते बारा असा एक तास, कोणतेही काम न करता, खुर्चीवर बसून भरून द्यावेत. ती काम करत नाही ना, यावर आबाजींनी लक्ष ठेवावे.

पहिल्याच दिवशी ठाकुरवाडीहून जैतू दाखल्याला आला.

"ताई, सई तेवडी मारा."

"दादा, बारा वाजेपर्यंत मला पेन धरायची बंदी आहे."

"बरं," म्हणून जैतू भिंतीला टेकून बसला. बाराला त्याचे काम झाले.

सातव्या दिवशी रांग दारापर्यंत गेली. रांगेत एक जागरूक गृहस्थ होते. बाई हाताची घडी घालून बसलेली पाहून त्यांचे रक्त उसळले. तीही माणसासारखी माणूस आहे, काय झाले ते तिला विचारावे, इतका वेळ कुणाकडे नव्हता. त्यांनी तिथेच मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि 'कर्मचारी कामाच्या वेळेत काम करत नाही' असा तक्रारअर्ज लिहिला. कागदोपत्री ते स्वतः त्या वेळी आपल्या ऑफिसात हजर होते, कारण सकाळीच हजेरीच्या यंत्रावर बोट लावून ते इकडे आले होते.

अर्ज रांगेतून फिरला. एकोणचाळीस सह्या झाल्या. अर्ज वाचला कुणीच नाही. आपण सगळे घाईत होतो.