बिनखुणेचे बिरप्पा

ऋतुजाला सातवा महिना लागला आणि सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी फ्लूची लस घ्यायला सांगितली. मागच्या थंडीत तापानं तिची पार दैना झाली होती, त्यामुळे बाळासाठी तिला ती हवीच होती. नवरा बिरुदेवही तयार होता. अडून बसल्या सासूबाई. दोन जिवांच्या बाईला सुई टोचायची नाही, हे गोजाबाई जेवताना सांगत, टीव्ही बघताना सांगत आणि झोपताना पुन्हा आठवण करून देत.

सासरे बिरप्पा मात्र सुनेच्या बाजूचे. जन्मभर मेंढ्या राखलेल्या माणसाला लस म्हणजे घरचंच काम. "गाभण मेंढ्यास्नी आपण टोचतोच की," ते म्हणाले. आपली बाजू अशी मांडली गेल्यावर हसावं की रुसावं, हे ऋतुजाला कळेना. गोजाबाई तरीही हलेनात, तेव्हा बिरप्पांनी धनगरी तोडगा काढला. पुढची मेंढी निघाली की कळप मागं येतो, म्हणून पहिली लस आपणच घ्यायची.

बिरुदेव ड्युटीवर होता, तेव्हा तिघंच दवाखान्यात गेले. बिरप्पा ऐटीत खुर्चीवर बसले, बाही वर केली, मिशीवर हात फिरवला. कळपच्या कळप टोचलेला हा माणूस सुईच्या या टोकाला मात्र पहिल्यांदाच आला होता. नर्सनं दंडाला गार कापूस लावला आणि बिरप्पा खुर्चीवरून सावकाश घसरत फरशीवर आडवे झाले.

"बगा, काय केलं सुईनं," गोजाबाई म्हणाल्या.

"आजी, टोचलंच नाही अजून," म्हणत नर्सनं टोपणसुद्धा न काढलेली सुई दाखवली.

गोजाबाईंनी सुईकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. लांडग्याला काठीनं पिटाळल्याची गोष्ट येईल त्याला ऐकवणारा गडी कापसाच्या बोळ्यानं गार झाला होता. त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेचना, आणि त्यात भीती कुठल्या कुठं गेली. शुद्धीवर आलेल्या नवऱ्याला बाकावर टेकवून हसत हसतच त्यांनी सुनेला खुर्चीत बसवलं, तिचा हात घट्ट धरला. ऋतुजाची लस झाली. बाळाजवळ राहणाऱ्यांनीही घेतलेली बरी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशी गोजाबाईंनी स्वतःचा दंड पुढं केला.

घरी येताच त्यांनी गेरू कालवला. टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर खूण करायची, म्हणजे ती ओळखू येते, ही नवऱ्याचीच शिकवण. एक ठिपका सुनेच्या हातावर, एक स्वतःच्या. बिरप्पांनीही गुपचूप हात पुढं केला.

"तुमाला न्हाय," गोजाबाई म्हणाल्या. "उद्या परत न्यायचं हाय."