खिडकीतल्या खुर्चीचा भाव

"मुक्त बाजारपेठ म्हणजे काय, ते मला आता पाण्यासारखं स्पष्ट झालंय!" टपाल खात्यातल्या कारकुनाने रविवारी जेवण होताच हातातलं अर्थशास्त्राचं पुस्तक मिटून जाहीर केलं.

घरात आरामखुर्ची एकच, खिडकीपाशी. दुपारी तिच्यात ऊन असं साचायचं, की बसणारा लोण्यासारखा विरघळून पडद्यासकट ढगांत तरंगायला लागायचा. कारकुनाला सुटीची दुपार आठवड्यातून एकच. आणि नेमक्या तेव्हाच त्याच्या सासूबाई तिथे पेंगत असायच्या.

"यापुढे या खुर्चीसाठी वडीलधारं, धाकटं काही नाही. ज्याला गरज जास्त, तो भाव जास्त देईल! चलन म्हणून बटणं. प्रत्येकी दहा."

"अहो, पण बटणंच का?" बायकोने विचारलं.

"घरात छापता येत नाहीत म्हणून!"

बायकोने आईकडे पाहिलं आणि पदरात हसू लपवलं.

"तीन!" त्यांची धाकटी लेक ओरडली.

"दहा!" कारकून म्हणाला. डोळे मिटून तो निम्मा ढगांत पोचलाही होता.

"पन्नास," सासूबाई म्हणाल्या, आणि मांडीवर पत्र्याचा डबा खळखळला.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईकडे किती बटणं असतात, हे पुस्तकात नव्हतं!

पुढे तर कहरच झाला. चष्मा आणून दिल्याबद्दल सासूबाई नातीला वीस बटणं मोजू लागल्या. लेक श्रीमंत झाली. तिसऱ्या रविवारी ती पाण्याच्या एका पेल्याला तीस मागायला लागली! कारकून मात्र दिवसाढवळ्या खुर्चीची स्वप्नं बघायचा. पत्रांवर शिक्के मारतानाही त्याला पाठीला ऊन लागायचं.

चौथ्या रविवारी त्याने कात्री घेतली. सदरे, बाह्या, कोट, कशावरचंही बटण सोडलं नाही.

"एकशे एक!"

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "घ्या जावईबापू. तुमचीच."

तो बसला. पडदा फुगला. पाय जमिनीवरून सुटले, एक ढग उशाशी आला... आणि त्याला आठवलं, उद्या सोमवार! घालायला बटणाचा एकही सदरा नाही!

"आई," तो चाचरत म्हणाला, "एवढी बटणं लावून द्याल? तुम्ही म्हणाल तितकी बटणं देतो."

"बटणं?" सासूबाईंनी सुईत दोरा ओवला. "त्यांना आता विचारतंय कोण?"

आणि त्यांनी नुसतं खुर्चीकडे पाहिलं.

कारकून खुर्ची त्यांना देऊन उघड्या सदऱ्याने तिच्या पायाला टेकून खाली बसला. गुडघ्यावर चतकोर ऊन येत होतं. त्या उन्हाचा भाव कुणी विचारला नाही. त्यानेही या खेपेला तोंड उघडलं नाही!