नानांच्या रिपोर्टातली चिमणी

आमच्या कंपनीत नाना गव्हाणे नावाचे गृहस्थ टेस्ट रिपोर्टमध्ये चिमण्या लिहितात. खोटं सांगत नाही, फाईल काढून दाखवीन. ‘सॅम्पल चार : चिमणी नाही. पाळणा थोडा. म्हातारी अजिबात नाही.’ खाली सही. चिमणी म्हणजे पट्ट्याचा चिवचिवाट, पाळणा म्हणजे करकर आणि म्हातारी म्हणजे कण्हणं, हे कळायला मला सहा महिने लागले. मी टेस्टिंगला, माइक आणि मीटर घेऊन बसणारी. असले रिपोर्ट बघून माझं डोकं फिरायचं.

नाना टेन्शनर डिझाइन करतात. इंजिनापुढं एक लांब पट्टा फिरतो. त्यावर गाडीचा डायनमो, पाण्याचा पंप, एसी, सगळं चालतं. पट्टा सैल पडला तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंगं खातो. स्प्रिंगच्या जोरावर त्याला बेतानं ओढून धरणारी पुली म्हणजे टेन्शनर. सुप्याच्या एमआयडीसीत नानांनी उभी नोकरी या एका वस्तूपायी घातली.

त्यामुळं काहीही ताणलेलं दिसलं की नानांचा अंगठा शिवशिवतो. कपडे वाळत घालायची तार, मांडवाचा दोर, माझ्या बॅगचा पट्टा, काही म्हणून सुटत नाही. दाबून बघायचं आणि म्हणायचं, “लई वढलंय. श्वास घिऊ द्या की त्याला!” शेवगावला एका लग्नात तर नवरदेवाची सजवलेली गाडी थांबवून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. फुलांच्या माळा बाजूला काढून नाना आत वाकलेले, मुहूर्त टळायला आलेला आणि नवरीचा मामा रस्त्यात तणतणतोय. नाना ढिम्म. “पट्टा तुटला तर नवरीला काय ढकलत न्येनार व्हय?”

आणखी एक खोड होती. प्रत्येक नवं सॅम्पल ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून एक दिवस घरी न्यायचे. विचारलं तर म्हणायचे, “गावचं पानी पाजून आनतो.” घरच्या जुन्या जीपला बसवून बघतात एवढं माहीत होतं, पण भैरोबाला कौल लावतात, अशीही आमच्याकडे बोलवा होती.

या पौषात एका नव्या टेन्शनरचं काम आलं. आतली झटके जिरवणारी रिंग बदललेली. माझ्या मीटरवर पीस स्वच्छ पास झाला, सोमवारी माल रवाना व्हायचा होता. आणि शुक्रवारी नानांचा रिपोर्ट आला : ‘चिमणी आहे. पास नाही.’

मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेले. “नाना, कुठाय चिमणी? रेकॉर्डिंग ऐका.”

“सकाळच्या थंडीत हाय, पोरी. तुझ्या खोलीत न्हाई यायची.”

आमचं भांडण टेस्ट रिगपर्यंत गेलं. तिथं पोरांनी एक नापास झालेला जुना पीस चढवून इंजिन चालू केलं आणि तो असा किंचाळला की मी दोन्ही कानांवर हात ठेवले. नाना शेजारीच उभे होते, पाठ करून, वहीत शांतपणे काहीतरी लिहीत. मान वळली नाही, पेन थांबलं नाही.

इंजिन बंद झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. “नाना, तुम्हाला आत्ता काय ऐकू आलं?”

त्यांनी वही मिटून काखेत धरली. मग म्हणाले, “तुझं मोठ्यानं बोलनं येतं. बारीक, चिरका आवाज किती बी मोठा असला तरी येत न्हाई. दोन वर्सं झाली.”

“मग चिमणी कुणी ऐकली?”

“मंदानं,” नाना म्हणाले. मंदा म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या घरच्या. “ती नावं बी तिचीच हायेत.”

नानांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. साहेबांना कळलं असतं तर डिझाइन काढून घेऊन त्यांना स्टोअरमध्ये खुर्ची दिली असती. मी काही बोलणार नव्हते, देवाशपथ. पण माल थांबवायचा तर चिमणी कुणी ऐकली ते सांगावं लागणार होतं, आणि गप्प बसायचं तर माल जाऊ द्यायला हवा होता. सगळी दुपार मी चडफडत काढली. चार वाजता नाना स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी मागोमाग गेले.

“साहेब, मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई,” नाना उभ्याउभ्याच म्हणाले. “पन चिमनी हाय. माझ्या घरच्यांनी ऐकलीय. माल सोडू नका.”

केबिनच्या कोपऱ्यात बसलेल्या डिस्पॅचवाल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. “उद्या घेऊन या त्यांना,” एवढंच म्हणाले. थट्टा होती की काय, मला आजही सांगता येणार नाही.

नवा टेन्शनर बसवून इंजिन रात्रभर शेडबाहेर उघड्यावर ठेवलं. सकाळी साडेसहाला पट्ट्यावर दव होतं, हाडं गोठवणारा वारा सुटला होता. नानांच्या मोटारसायकलवर मागं बसून काकू आल्या. डोक्यावर पदर, अंगात स्वेटर, गळ्यात गेटवरचा पास. इंजिन चालू झालं. आम्ही सगळे पट्ट्याकडं बघत होतो. काकूंच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी एक बोट वर केलं. “ही बगा.” मग आम्हालाही ऐकू आलं : चिव, चिव, चिव. पट्टा तापला आणि थांबलं. माझी खोली बंद आणि उबदार, तिथं दव कुठून पडणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माल थांबला, रिंग बदलायचं ठरलं. साहेबांनी नानांना एवढंच सांगितलं, “डिझाइन तुमच्याकडंच राहील. पण कान तपासून घ्या.” नाना लहान मुलासारखे मान डोलावत राहिले.

नंतर मी काकूंना कॅन्टीनमध्ये चहा दिला. म्हटलं, “काकू, दोन वर्षं थंडीत जीपपाशी उभं राहायचं म्हणजे जाच झाला असेल.”

“जाच कसला?” काकू बशीत चहा ओतत म्हणाल्या. “घरात मी बोलले तर त्यांना निम्मं कळत न्हाई. मग ते बी गप, मी बी गप. इंजिन चालू झालं की तेवढं माझ्या तोंडाकडं बघत्यात, मला काय ऐकू येतंय म्हनून.” त्या जराशा लाजल्या. “तवा आवाज नसला तरी मी उगंच थोडा येळ जास्ती उभी ऱ्हाते.”